बेडपॅन उचलणारा संत

संत कॅमिलस दे लेलिस मला आवडतो, कारण हा माणूस लहानपणापासून देवभक्त वगैरे अजिबात नव्हता. जन्म 1550 चा, इटलीतल्या बुक्यानिको गावातला. बाप शिपाईगडी, हाही तसाच. उंच, धिप्पाड, तापट आणि पक्का जुगारी. 1574 मध्ये नेपल्सला होतं नव्हतं ते सगळं हरला आणि मान्फ्रेदोनियाला कॅपुचिन साधूंच्या बांधकामावर मजुरी करू लागला. तिथं मन पालटलं. साधू व्हायला गेला, तर पायाची वाहती जखम आडवी आली. ती जखम मरेपर्यंत बरी झाली नाही.

त्या जखमेपायी तो रोमच्या सान जाकोमो इस्पितळात आला. बरे न होणाऱ्यांचं इस्पितळ ते. आधी एकदा तिथूनच त्याला जुगार आणि भांडणांपायी हाकललं होतं, आता तोच पुढे तिथला कारभारी झाला. रोजंदारीचे नोकर रुग्णांची काय आबाळ करतात, हे त्याने खाटेवरूनही पाहिलं होतं आणि नोकर म्हणूनही. पैशासाठी नव्हे, मायेने हे काम करणारी माणसं जमवावीत, हे 1582 मध्ये त्याच्या डोक्यात आलं. 1586 मध्ये पोपची मान्यता, काळ्या झग्यावर लाल क्रूस. 1591 मध्ये रीतसर धर्मसंघ आणि एक जादा शपथ: प्लेग असला, जिवावर बेतलं, तरी रुग्णाला सोडायचं नाही.

(व्हॉट्सॲपवर फिरतं तसं रेडक्रॉसचं चिन्ह याच्याकडून आलेलं नाही हो. तो स्विस झेंडा, रंग उलटे केलेला.)

मला त्याचा सगळ्यात भावतो तो त्याच्याच माणसांशी झालेला वाद. धर्मगुरूंनी रुग्णाला प्रार्थना सांगावी, धीर द्यावा, बाकी कामं नोकरांची, असं संघातल्या अनेकांना वाटे. कॅमिलस अडून बसला. भरवायचं, चादर बदलायची, घाण काढायची, सगळं आपणच. 1594 मध्ये मिलानच्या मोठ्या इस्पितळाची अशी संपूर्ण सेवा त्याने कुणाला न विचारता अंगावर घेतली, तेव्हा रोममधले सहकारी चांगलेच भडकले. संघावर कर्जही होतं, त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. शेवटी 1607 मध्ये त्याने प्रमुखपद सोडलं आणि पुन्हा रुग्णांत जाऊन राहिला. रुग्णांना तो आपले धनी म्हणे. सांगतात, एकदा बड्या अधिकाऱ्याने बोलावणं धाडलं, तर म्हणाला, मी ख्रिस्ताच्या सेवेत आहे, झालं की येतो. त्या वेळी तो एका रुग्णापाशी होता.

आपल्याकडे काय चालतं? वडील ॲडमिट असताना बघितलंय. राउंडला मोठे डॉक्टर आले की आम्ही नातेवाईक हात जोडून उभे. आणि रात्री दोन वाजता ओली चादर ओढून काढणारी, म्हाताऱ्याला कुशीवर वळवताना "आजोबा, धरा माझा खांदा" म्हणणारी बाई? ती नुसती 'मावशी'. डिस्चार्जच्या दिवशी पेढे डॉक्टरांना, मावशींच्या हातावर पन्नासची नोट, तीही घासाघीस केल्यासारखी. बहुतेक जणी कंत्राटावर. पगार विचारला तर आपल्यालाच लाज वाटेल.

चर्चने 1930 मध्ये कॅमिलसला परिचारिकांचा आश्रयदाता संत ठरवलं. ठीकच आहे. पण माझ्या हातात असतं, तर मी त्याला वॉर्डातल्या मावशी-मामांच्या नावावर केला असता. आणि त्यांच्या युनियनच्या ऑफिसात त्याचा फोटोही लावला असता, हातात बेडपॅन असलेला.