‘लागलं नाही ना? मग कशाला तक्रार?’

गेल्या नोव्हेंबरात माझ्या उजव्या दंडावर आठ दिवस एक वळ होता. ताडपत्रीच्या दोरीचा. भाट्याच्या पुलावर बर्फ घेऊन चाललेला एक पिकअप मला इतका खेटून गेला की मागे लोंबणारं दोरीचं टोक सपकन दंडावर बसलं. गाडी लागली नाही, मी पडले नाही, सायकलला ओरखडासुद्धा नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी वळावर खोबरेल चोळलं आणि म्हणाल्या, "हाड मोडलं नाही ना? मग दे सोडून."

मी सोडून दिलं नाही. तेव्हापासून ओळखीतले निम्मे लोक माझ्याकडे कज्जेदलाल असल्यासारखं बघतात. आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच विषय निघाला, "पोलिसात जाऊन काय होणार?" तिथे चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी पूल. रत्नागिरीबाहेरच्यांसाठी सांगते, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे शहर आणि पावसचा रस्ता जोडणारा हा पूल. संध्याकाळी कामावरून घरी येताना समुद्र माझ्या उजव्या हाताला असतो आणि वारा तिकडूनच येतो. सायकल सरळ ठेवायची तर अंग थोडं उजवीकडे टाकावं लागतं, वाऱ्यावर रेलल्यासारखं. अशा वेळी उजवीकडून मोठी गाडी खेटून गेली की वारा एकदम तुटतो. ज्या भिंतीला टेकून उभे आहोत ती कुणी काढून घ्यावी तसं. सायकल आपसूक गाडीकडे जाते. गाडी पुढे सरकली की तोच वारा पुन्हा थोबाडीत बसल्यासारखा येतो आणि कठड्याकडे ढकलतो. सगळा खेळ दोन सेकंदांचा. गाडीवाल्याला आरशात दिसतं काय? तर एक बाई डुगडुगली. म्हणजे बाईला चालवता येत नाही.

"मग कडेने चालवा ना!" हे वाक्य मी मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत प्रत्येक सिग्नलला ऐकलंय. कड म्हणजे काय ते एकदा उतरून बघा. चार महिने पाऊस पडल्यावर डांबराची कड कुरतडल्यासारखी होते. तिच्या खाली साइडपट्टी वीतभर खचलेली, त्यात जांभ्याची लाल माती, वर सुटी खडी. सावलीच्या जागी गणपतीपासून दिवाळीपर्यंत शेवाळ. त्यातून रस्त्याचं काम चालू असलं, आणि आमच्याकडे मिऱ्या-नागपूर महामार्गाचं काम चालू आहे, तर कड रोज वेगळ्या जागी असते. सायकलचं अरुंद चाक एकदा डांबराखाली उतरलं की पुन्हा वर चढताना घसरतं आणि माणूस पडतो तो रस्त्याच्या आतल्या बाजूला, चाकांखाली. म्हणून आम्ही कडेपासून हात-दीड हात आत चालवतो. हौस म्हणून नव्हे.

तर त्या संध्याकाळी दुखण्यापेक्षा आधी नंबर पाठ केला. लहानपणी पावकी-निमकी म्हणायचे तसा मोठ्याने म्हणत पूल ओलांडला आणि पहिल्या टपरीवर पेन मागून किराण्याच्या बिलाच्या पाठीवर लिहिला. टपरीवाला म्हणाला, "ताई, त्यो रोजचाच हाय. सगळ्यांना तसाच कट मारतो." हे ऐकून मला जास्त राग आला. रोजचाच आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि कागदावर मात्र कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते लिहीत नाही, कारण समोरचा हवालदार माणूस म्हणून वाईट नव्हता. पंखा माझ्याकडे फिरवून दिला, पाणी दिलं. मग विचारलं, "लागलं का? नाही? गाडीचं नुकसान? तेही नाही. मॅडम, झालंच नाही काही, तर मी लिहू काय?"

मला तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वकील भाचीला फोन केला. तिने जे सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. त्यात कुणाला लागलेलं असावं अशी अट नाही. लोकांना धोका होईल अशी चालवली, एवढं पुरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ हेही तसंच, बेदरकारपणे गाडी हाकून माणसाच्या जिवाला धोका निर्माण करणं हाच गुन्हा, आणि तोही दखलपात्र. म्हणजे हवालदारसाहेबांचं ‘काही झालंच नाही’ हे कायद्याला मान्य नाही. रक्त सांडेपर्यंत थांबायची गरज कायद्याला वाटत नाही, आपल्यालाच वाटते.

भाचीने आणखी एक सांगितलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. १८४ चा गुन्हा तीन वर्षांत दुसऱ्यांदा झाला तर शिक्षा वाढते, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड. पण दुसरा मोजायला आधी पहिला नोंदलेला हवा ना! टपरीवाल्याच्या ‘रोजच्याच’ माणसाला सरकारदरबारी दरवेळी पहिलीच वेळ असते. आपण सगळ्यांनी मिळून त्याला कायमचा पहिल्या यत्तेत बसवून ठेवलाय.

आणि घाई करायची. मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०९ प्रमाणे १८४ खाली कुणाला दोषी ठरवायचं तर त्याला जागेवर ताकीद दिलेली हवी, नाहीतर १४ दिवसांत त्याला किंवा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला नोटीस निघालेली हवी, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेलं हवं. थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. ‘बघू, पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणणाऱ्याची तक्रार वाटेतच मरते.

मग मी लेखी अर्ज केला. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून परत घेतली. (सोळा वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत, शिक्क्याशिवाय मी कुणाला कागद देत नाही.) अर्जात तारीख, वेळ, पुलावर कोणत्या दिशेने, गाडी कसली, नंबर, समोरून कोण येत होतं, वारा कुठला, दोरी कुठे लागली, टपरीवर कोणाला सांगितलं, एवढंच. ‘माजलेले’, ‘मस्तवाल’ वगैरे एकही शब्द नाही. राग बिलाच्या पाठीवर लिहून झाला होता. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरही नागरिकांनी कळवायची सोय आहे, पण माझ्याकडे फोटो नव्हता आणि मला शिक्का हवा होता.

दहाएक दिवसांनी दारात मालक. चालक नव्हे, मालक! मोटार वाहन कायद्यात कलम १३३ आहे, अधिकार असलेल्या पोलिसाने विचारलं की त्या वेळी गाडी कोण चालवत होता हे मालकाला सांगावंच लागतं. तर मालक आला तो माझ्या जावेच्या माहेरच्या नात्यातला निघाला. रत्नागिरीत आणखी काय होणार? बरोबर पिशवी, पिशवीत चांगली तीन-एक किलोची सुरमई.

"वहिनी, घरातलंच आहे, मिटवून टाकू. पोरगं आहे. लग्न ठरलंय त्याचं."

मी म्हटलं, मग तर त्याने जास्तच जपून चालवायला हवं.

"तुम्हाला सांगतो, बर्फ थांबत नाही वो. पूर्णगडला होडी लागायच्या आत बर्फ पोचला नाही तर मासळी बसते. त्याचा काय दोष?"

इथे मी गप्प बसले, कारण तो खरं बोलत होता. पोरगा सुसाट सुटतो ते मालकाच्या घड्याळावर. पंधरा मिनिटं आधी गाडी भरली तर पुलावर मला कट मारायची वेळ येणार नाही. तेच मी त्याला सांगितलं. तक्रार मागे घेत नाही म्हणाले आणि सुरमई परत दिली. त्या रात्री घरात माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. नवरा अजूनही त्या सुरमईचं वजन दर वेळी अर्धा किलो वाढवून सांगतो.

आपल्याकडे तक्रार म्हणजे वैर असं समीकरण आहे. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जाणारे आपण, पण रस्त्यावर कुणी जिवावर उठला तर ‘कशाला उगाच’. माझं म्हणणं उलट आहे. दंडावर वळ आहे तोवर केलेली तक्रार ही सगळ्यांत सौम्य गोष्ट आहे. पोरगा दंड भरेल, चार शिव्या खाईल, लग्नाला वेळेवर उभा राहील. हाच कागद उद्या दोरीऐवजी आरसा लागल्यावर निघाला असता तर माझं जे व्हायचं ते झालंच असतं, त्याचंही आयुष्य तारखांत गेलं असतं.

ग्रुपवरचा दुसरा उपाय म्हणजे नंबरसकट फोटो फेसबुकवर टाका आणि व्हायरल करा. मला तो मान्य नाही. एकदा मी स्वतः घाईत ३ चा ८ वाचला होता. अर्जात चूक झाली तर पोलीस तपासतात आणि कळतं. फेसबुकवर झाली तर कुठल्यातरी गरीब माणसाला दोन दिवस शिव्या, आणि माझी माफी वाचायला कोणी येत नाही. शिवाय पोस्टीला तीनशे लाइक आले की आपल्याला वाटतं काम झालं. तोवर चौदा दिवस गेले.

शेजारच्या गोव्यात पोलिसांनी २०१७ मध्ये ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना काढली होती. लोकांनी फोटो पाठवायचे, गुण मिळवायचे, गुणांवर बक्षीस. विरोधही बराच झाला. पैशाचं आमिष मला पटत नाही, कारण हेल्मेट नसलेल्याचा फोटो काढणं सोपं. कट मारणारा फोटोत उभा राहत नाही. त्यापेक्षा इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये जे केलं ते आवडलं. साध्या कपड्यांतला पोलीस सायकलवर, जो खेटून जाईल त्याला पुढे थांबवायचं, आणि रस्त्याकडेला अंथरलेल्या चटईवर आखून दाखवायचं की सायकलपासून किती अंतर सोडायला हवं. पुन्हा सापडला तर खटला. अशी एक चटई माळनाक्यावर अंथरली तर बघ्यांचीच इतकी गर्दी होईल की वाहतूक आपोआप हळू जाईल.

आणखी एक. ग्रुपवर कायम एमएच १२ (पुणे) आणि एमएच ०९ (कोल्हापूर) वाल्यांच्या नावाने खडे फोडले जातात. शनिवार-रविवारी आरे-वारेच्या वळणांवर ते खरंही आहे. पण माझ्या वहीत (हो, आता वही आहे) निम्म्याहून जास्त नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचेच आहेत. पुणेकराला शिव्या द्यायला काही पडत नाही, तो सोमवारी परत जातो. जावेच्या माहेरच्याचा नंबर लिहिताना हात जड होतो, खरी अडचण ती आहे.

आम्ही सायकलवाले काही धुतल्या तांदळाचे नाही. वडिलांच्या वेळी सायकलला दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा. आता हजारोंच्या सायकली घेऊन पहाटे बिनदिव्याचे फिरणारे आहेत, कानात गाणी घालून. मीही मारुती मंदिराच्या सर्कलला वळसा नको म्हणून एकदा उलटी घुसले होते आणि एका रिक्षावाल्याने माझी आई-बहीण काढली. बरोबर होतं त्याचं. शब्द सोडून.

त्या पोराला पोलिसांनी बोलावलं, दंड झाला एवढं कळलं. किती ते मी विचारलं नाही. मागच्या गुरुवारी पुलावर तोच पिकअप मागून आला. आवाज मी आता ओळखते. समोरून एसटी येत होती. तो माझ्या मागे राहिला, एसटी जाईपर्यंत. मग पार पलीकडच्या कडेने मला ओलांडलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "काय ताई, नंबर घेतलाव का?"