परिषद दरवर्षी भरते, पण कान्ह कोण मोजतं?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रविवारी वाद पेटला तो मनूच्या कॉलेजातल्या विद्यार्थी पर्यावरण परिषदेवरून. ही परिषद दरवर्षी भरते. दोन दिवस निबंधवाचन, पोस्टरं, समारोपाला पाहुणे, प्रमाणपत्रं. मनू यंदा आयोजन समितीत आहे. विषय ठरायचा होता म्हणून तिने विचारलं, "काका, यंदा काय ठेवावं?" बाळ्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होता. त्याने मानही वर केली नाही. "काही ठेवू नका. बंद करा."

मनूचा चेहरा पडला. बाळ्याला पर्यावरणाचं वावडं आहे असं मुळीच नाही. हिवाळ्यात पहाटे दुर्बीण घेऊन सिरपूरच्या तळ्यावर जाणाऱ्यांपैकी तो आहे, आणि चिडतो तो त्यामुळेच. "गेल्या वर्षी मी शेवटपर्यंत बसलो होतो," तो म्हणाला. "निम्मे निबंध प्लास्टिकवर. बाकीचे ध्रुवावरच्या बर्फावर. बर्फ वितळतोय, खरंच वितळतोय. पण इंदूरचा एक आकडा कुणाच्या तोंडून आला नाही. आपल्या गावातून कान्ह वाहते, सरस्वती वाहते, त्यांचं नावसुद्धा नाही. मग हीच परिषद कुठल्याही गावात भरवा, काय फरक पडतो?"

नानांना हे सहन होईना. ते शाळेत इतिहास शिकवायचे, आणि मुलांच्या कुठल्याही खटपटीच्या बाजूने उभं राहणं हा त्यांचा स्वभाव आहे. "अरे, मुलं जमतात, बोलतात, हे काय कमी आहे? १९१७ साली तुकोजीराव महाराजांनी पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला इथे बोलावलं, तेव्हा गावात प्लेग होता. त्या माणसाने दिवाळीला मिरवणूक काढली. घाणीचा राक्षस केला, प्लेगचा उंदीर केला आणि जाहीर केलं की जो रस्ता सगळ्यांत स्वच्छ, त्यावरून मिरवणूक जाईल. गल्ल्यागल्ल्यांनी झाडलोट काढली. लोक जमल्याशिवाय काही होत नाही, बाळ्या."

गोष्ट खरी आहे आणि नाना ती सांगतातही छान. पण मी त्यांना अडवलं, कारण गेडिसचं अर्धंच काम त्यांनी सांगितलं. मिरवणूक काढणाऱ्या त्याच माणसाने १९१८ साली होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. आधी पाहणी, मग आराखडा, ही त्याची शिस्त होती. गावात पायी हिंडून, घरं, विहिरी, नदीकाठ बघून मग तो बोलायचा. आपल्या परिषदेत बोलणं आहे, बघणं नाही.

"बघणं कसं नाही?" सर मध्ये पडले. सर रसायनशास्त्र शिकवतात, मनूच्या नव्हे, दुसऱ्या कॉलेजात. त्यांचा मुद्दा मला पटण्यासारखा होता. खेड्यातून आलेलं, कधी चार लोकांसमोर उभं न राहिलेलं पोर परिषदेत पहिल्यांदा माइक हातात धरतं. त्याला प्रश्न विचारले जातात, ते अडखळतं, मग सावरतं. गेल्या वर्षी एका मुलीने नर्मदेच्या पाण्यावर मांडणी केली होती. नर्मदेकाठच्या जलूदहून साधारण ७० किलोमीटर पाणी वर चढवून आणायचं, त्या पंपांना वीज किती लागते, म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि त्यातून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प घेतला. नळ सोडताना इंदूरचा माणूस या विजेचा विचार करत नाही, तिने तो करायला लावला. "हे निष्फळ म्हणायचं का?" सरांनी विचारलं. बाळ्या गप्प बसला. मीही ते निष्फळ म्हणणार नाही.

तरी माझं म्हणणं सुटत नव्हतं, ते मी इथे सविस्तर लिहितो.

परिषद दरवर्षी भरते, पण दरवर्षी शून्यापासून सुरू होते. गेल्या वर्षी कोण काय म्हणालं, ते यंदाच्या मुलांना ठाऊक नसतं. विषय नवा, घोषवाक्य नवं, पाहुणे नवे. पर्यावरणाचा प्रश्न मात्र असा आहे की तो एका वर्षात दिसतच नाही. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंगने मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. पहिल्या वर्षाचा आकडा हातात घेऊन कुणालाच काही सिद्ध करता आलं नसतं. तीच जागा, तीच पद्धत, आणि थांबायचं नाही, यातून तो आलेख उभा राहिला. १९६४ साली पैसे आटले आणि काही महिने मोजणी बंद पडली. ती रिकामी जागा त्या नोंदीत आजही आहे.

मी मनूला म्हटलं, विषय दरवर्षी बदला, खुशाल बदला. पण परिषदेचं पहिलं सत्र कायमचं बांधून टाका. गावातली एक जागा घ्या, एक-दोन मापं घ्या, आणि दरवर्षी पहिल्या सकाळी तो आकडा मागच्या सगळ्या वर्षांच्या आकड्यांशेजारी लावा. मग बाकीचे निबंध.

"काका, पण मुलं तीन वर्षांत कॉलेज सोडून जातात," मनू म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. सरांनी त्यात भर घातली, की निबंध निवडणारे पहिलं विचारतात, यात नवीन काय? गेल्या वर्षीचंच माप पुन्हा घेणाऱ्या मुलाला बक्षीस कोण देईल? कॉलेजला कागदावर दाखवायला किती मुलं आली, किती निबंध वाचले, एवढंच लागतं.

इथे मला नानांचंच बोट धरावं लागलं. नाना नेहमी अभिमानाने सांगतात की २०१७ पासून स्वच्छतेत आपण पहिले. ते पहिलेपण आलं कुठून? झाडू हातात घेऊन फोटो काढायच्या मोहिमा सगळ्या शहरांनी काढल्या. इंदुरात सकाळी दारात गाडी येते, रोज येते, आणि बायाबापडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून टाकतात. देवगुराडियाच्या कारखान्यात दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस होतो, तो या रोजच्या वेगळं करण्यावर चालतो. एक दिवस सगळ्यांनी मिसळून टाकलं तर तो घास त्याला पचणार नाही. तेच ते काम पुन्हा करण्यात कमीपणा नाही, हे ज्या गावाने देशाला दाखवलं, त्या गावातल्या परिषदेला तेवढीच गोष्ट जमू नये, याचं मला वाईट वाटतं.

बाळ्याला आता चेव आला. "झाडांचं घ्या ना भिया! १४ जुलै २०२४ ला रेवती टेकडीवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लावली, गिनीजमध्ये नाव गेलं. लावली तो दिवस सगळ्यांना पाठ आहे. त्यातला एक तुकडा आखून घ्या आणि दर पावसाळ्यानंतर जगलेली झाडं मोजा. एवढं कुठल्याही वर्गाला जमेल." नाना म्हणाले, त्यात दोष काढायचा हेतू नको. बाळ्या म्हणाला, मोजण्यात दोष कसला? जगली असतील तर टाळ्या आम्हीच वाजवू.

मग बोलणं नदीवर आलं आणि सर एकदम खुलले. इतका वेळ ते परिषदेची बाजू लढवत होते, आता प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. कान्हच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू कसा मोजायचा ते त्यांनी चहाचा रिकामा ग्लास हातात धरून दाखवलं. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यात बुडवून भरायची. बूच बसवताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतलाच प्राणवायू मोजला जातो. काठावर उभं राहूनच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. "आकडा नंतर लॅबमध्ये काढू," सर म्हणाले, "पण नदीत काही जगू शकतं का, ते पोराला काठावरच दिसतं." आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, हे माप सरकारी आहे. दुसरं माप बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं, ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवं. त्यासाठी नमुना तीन दिवस २७ अंशांवर ठेवावा लागतो.

"म्हणजे दोन दिवसांच्या परिषदेत ते बसतच नाही," मनू म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं, कारण आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. नमुना परिषदेच्या आठवडाभर आधी घ्यायचा, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. वर्ग तीन वर्षांत पांगतो, म्हणून नोंदवही विभागाच्या ताब्यात ठेवायची आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर काठावर न्यायचं, हेही तिचंच.

नाना मात्र अडून बसले. "२०२१ मध्ये वॉटर प्लस, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडण्याचं सरकारी प्रमाणपत्र, मिळवणारं देशातलं पहिलं शहर आपलं. उद्या तुमचा साका पांढरा निघाला तर गावाची नाचक्की नाही का?" सर हळू आवाजात म्हणाले, "नाना, कान्ह पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते. २०२८ ला सिंहस्थ आहे. तिचं पाणी क्षिप्रेत पडू नये म्हणून बंद कालव्यातून वळवायचं काम काढलंय. तिकडच्या लोकांना आपल्या पाण्याचं काय वाटतं, ते त्यातच आलं." नानांनी यावर उत्तर दिलं नाही. रागावले असतील, पण उठून गेले नाहीत.

जागेवर मात्र एकमत झालं नाही. बाळ्याला सिरपूर हवं. २०२२ पासून ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीत होतेच, मुलं तिथे जोडून घेता येतील, शिवाय पाण्याचा गढूळपणा मोजायला दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पुरते. नानांना विहिरी आणि बावड्या हव्यात. २०२३ च्या रामनवमीला झाकलेल्या बावडीवरचा स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. पायाखाली विहीर आहे हे तिथे पूजेला बसलेल्या कित्येकांना ठाऊक नसेल. आपापल्या वॉर्डातल्या विहिरी शोधून उन्हाळ्यात त्यांची पाणीपातळी लिहा, असं ते म्हणाले, आणि ते ऐकून मीही क्षणभर डळमळलो.

तरी माझं मत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालच्या कान्हलाच. सिरपूरला निदान पक्षी बघायला लोक जातात. कान्हच्या पुलावरून गाव रोज जातं आणि नाक दाबून पुढे निघतं. ज्या पाण्याकडे कुणी बघत नाही, तिथे मुलांनी वर्षातून एकदा तरी बाटली बुडवावी.

मनूची समिती बुधवारी बसणार आहे. सरांनी तिला रसायनांची यादी लिहून दिलीय, हातमोजे आणि चष्मे सगळ्यांत वर, अधोरेखित करून. बाळ्याने सिरपूरचा हट्ट सोडलेला नाही, दोन जागा घ्या म्हणतोय. पण नमुने घ्यायला माणसं कमी पडली तर कान्हवरही येईन, असं त्याने मनूला सांगितलंय.