शेजारी नको असतील तर घर असं बांधा

नाशकात फ्लॅट बघताय ना? गंगापूर रोड म्हणा, पाथर्डी फाटा म्हणा, सॅम्पल फ्लॅट सजवून तयारच आहेत. जायच्या आधी आमचा एक फुकटचा सल्ला ऐका. शेजारपाजार नावाची कटकट कायमची घालवायची असेल तर कोणाशी भांडायची गरज नाही, बिल्डिंगचा नकाशाच तसा निवडायचा, बाकी सगळं आपोआप होतं.

सगळ्यात आधी ओटा काढून टाका. ओटा दिसला की माणूस टेकतो, टेकला की बोलतो आणि बोलला की पोराला दहावीला किती टक्के पडले इथपर्यंत येतो. सिडकोत बघा, एवढीएवढीशी घरं, दार उघडलं की गल्ली, पायरीवर बायका लसूण सोलत बसलेल्या, त्यामुळे अनोळखी माणूस शिरला की दोन घरं ओलांडायच्या आत "कोण पाहिजे?" ना पगार ना शिट्टी, तरी दिवसभर सिक्युरिटी चालू. तुम्ही तळमजला अख्खा पार्किंगला द्या, रस्त्यावर एकही दार-खिडकी ठेवू नका, आणि मग तीच राखण वॉचमन, कॅमेरे आणि ॲप लावून मेंटेनन्समधून विकत घ्या.

मग चौक. जुन्या नाशकातल्या वाड्यांना दिंडी दरवाजा, ओसरी आणि मधे आभाळाला उघडा चौक असायचा. गरम हवा चौकातून वर निघून जायची आणि भिंती इतक्या जाड की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण जाता-येता सगळे सगळ्यांना दिसणार, म्हणजे प्रायव्हसी शून्य! त्यापेक्षा डक्ट, म्हणजे बिल्डिंगमधली ती अरुंद बंदिस्त पोकळी, बरी. त्यातून फार तर कबुतरं आणि शेजाऱ्याच्या फोडणीचा वास येतो. पश्चिमेला पूर्ण काच लावा, एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की एसी, एसी आला की खिडक्या बंद. मग गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं तरी तुम्हाला ते ग्रुपवरच्या व्हिडिओतच दिसेल.

(वाड्यात सगळं गोड होतं असं कोणी समजू नये. सामाईक संडासावरून पिढ्यानपिढ्या भांडणं चालायची. आणि कोण ओसरीपर्यंत येणार, कोण दाराबाहेरच थांबणार, हेही वास्तूच सांगायची. याच गावात काळाराम मंदिराच्या दारासाठी बाबासाहेबांना २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. दार कोणासाठी बंद ठेवायचं ही कला आपल्याला जुनीच आहे, आता फक्त सेफ्टी डोअर आलंय.)

नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात भलताच उद्योग केला, सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती बसवली आणि घरं अशी ठेवली की लोकांना ती हवी तशी वाढवता यावीत. मुलं अंगणात खेळणार, मोठे खिडकीतून लक्ष ठेवणार. असल्या नादी लागू नका, एवढ्या जागेत चार गाड्या उभ्या राहतात.

लिफ्टही लहानच बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा स्ट्रेचर काही लिफ्टमध्ये वळेना, जिन्यानं आणावं लागलं. खांदा द्यायला मुलगा, मी, वॉचमन आणि पार्सल द्यायला आलेला एक पोरगा. वाटेतल्या सगळ्या मजल्यांवर दारं बंद, कारण आत कोणाला काही ऐकूच आलं नाही. ग्रुपवर मात्र संध्याकाळपर्यंत हात जोडलेल्यांची ही मोठी रांग.

आजींचं आयुष्य पंचवटीतल्या वाड्यात गेलेलं. त्या आता रोज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये वॉचमनशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का रे" विचारतात. पुढच्या मीटिंगला विषय घेतलाय. बसायचंच असेल तर क्लबहाऊस आहे ना, ॲपवरून आदल्या दिवशी बुकिंग करायचं.