‘वॉरंटी कशाला, तेवढे पैसे बाजूला ठेवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

विटा, खानापूर, आटपाडीच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांपासून सांगलीच्या बिल्डरांपर्यंत अनेकांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: नव्या मोठ्या एसयूव्हीच्या पैशात थोडी भर घातली की जुनी लॅम्बोर्गिनी किंवा पोर्शे येते. गाडी कमी पळालेली असेल तर गिअरबॉक्स नवाच समजायचा. वाढीव वॉरंटीचे पैसे कंपनीला देण्यापेक्षा बाजूला ठेवायचे. बिघाड झालाच तर विमा आहे, नाहीतर आपले मेस्त्री आहेत. आणि वॉरंटी घेतली तरी कंपनी क्लेम नाकारतेच.

गाडीच्या हौसेला माझा विरोध नाही. परमुलखात भट्टीपुढे बसून कमावलेल्या पैशाची गाडी जत्रेला गावात आली तर मला आनंदच होतो. पण हा मजकूर त्याच माणसांना एका बिघाडात गाडी कायमची शेडमध्ये उभी करायला लावेल, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात घातक दावा कमी किलोमीटरचा. २००३ ते २०१३ या काळात बनलेली लॅम्बोर्गिनीची गॅलार्डो घ्या. तिच्यातल्या ‘ई-गिअर’ला क्लचचं पेडल नसतं, म्हणून लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात. आत मात्र साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच असतो. पाय दाबायच्या ऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो, एवढाच फरक. फेरारी एफ-४३० च्या ‘एफ-१’ गिअरबॉक्सचंही तेच. असा क्लच हायवेवर झिजत नाही, गाडी जागेवरून हलताना झिजतो. सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटाच्या रांगेत इंच-इंच सरकणं, बंगल्याच्या चढावर रिव्हर्स घेणं, लग्नाच्या वरातीत पायी चालणाऱ्यांच्या वेगाने जाणं, यात तो जळतो. त्यामुळे वरातींना भाड्याने दिलेली दहा हजार किलोमीटरची गाडी हायवेवर पळालेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा जास्त खंगलेली असू शकते. योग्य टेस्टर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र, लावला तर क्लच किती टक्के झिजलाय हे आकड्यात दिसतं. मीटरवरचा आकडा पुढे करणाऱ्या विक्रेत्याला तो टक्का विचारा. पोर्शेच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये (ईसीयू) तर इंजिन किती तास चाललं आणि मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं गेलं याचीही नोंद असते. शिवाय उभ्या गाडीचं तेल जुनं होतं, सील कडक होतात. न पळणं म्हणजे न झिजणं नव्हे.

आता पैसे बाजूला ठेवण्याबद्दल. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तोच जास्त पटतो. इथे गिअरबॉक्सचा प्रकार बघावा लागतो. पोर्शेची पीडीके, म्हणजे तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, २००९ च्या मॉडेलपासून ९११ मध्ये आली. २००८ च्या फेरारी कॅलिफोर्नियापासून फेरारीनेही गेट्राग कंपनीचा ड्युअल क्लच घेतला. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात: एक सम गिअरांचा, एक विषम गिअरांचा. गिअर सरकवणारा फोर्क कुठे आहे हे छोटे सेन्सर सांगतात. सेन्सर गेला की संगणकाला गिअरचा पत्ता लागत नाही आणि गाडी आहे तिथे थांबू शकते. भाग चिमूटभर, पण बसवलेला पार आत. आणि अनेक वर्षं या कंपन्या आतले सुटे भाग विकतच नव्हत्या. सेन्सर बिघडला तरी अख्खा गिअरबॉक्स बदलायचा. पुढे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या स्वतंत्र गॅरेजांनी दुरुस्तीची किट तयार केली, पण ते काम येणारे हात मोजकेच. अख्ख्या नव्या गिअरबॉक्सची किंमत, वर आयात शुल्क आणि जीएसटी, हे सगळं धरलं तर चांगल्या नव्या मोटारीची किंमत सहज ओलांडली जाते.

बाजूला ठेवलेला पैसा हळूहळू साठतो, गिअरबॉक्स एका दुपारी जातो. शंभर गाड्यांचा मालक सरासरीवर जगू शकतो. तुमच्याकडे एक गाडी, एक गिअरबॉक्स. म्हणून ड्युअल क्लचची गाडी घेणाऱ्याला मी ठामपणे सांगतो: कंपनीची वाढीव वॉरंटी मिळत असेल तर घ्या, आणि मुख्य म्हणजे तिच्यात खंड पडू देऊ नका. खंड पडला की पुन्हा तपासणी होते, पोर्शेची ती १११ मुद्द्यांची असते, आणि सापडलेले दोष आधी स्वतःच्या खर्चाने काढावे लागतात.

मजकुरातलं थोडं खरंही आहे. सिंगल क्लचच्या गाडीत क्लच हा झिजणारा भाग धरला जातो, वॉरंटी सहसा त्याचे पैसे देत नाही. तिथे पैसे बाजूला ठेवावेच लागतात. आणि बाहेरच्या कंपन्यांच्या वॉरंटीत एका क्लेमची कमाल रक्कम बारीक अक्षरात लिहिलेली असते. ती गिअरबॉक्सच्या किमतीपेक्षा कमी असेल तर त्या कागदाचा गिअरबॉक्सपुरता उपयोग नाही.

विम्याचा दावा सरळ चुकीचा. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटार पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड, तसंच झीज, वगळलेली असते. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलं तर पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात येतं. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पण सेन्सर आपोआप मेला तर त्याही कव्हरचा आधार नाही.

मेस्त्रींबद्दल मला मनापासून आदर आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली तो हा जिल्हा. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत आजही उत्तम मशीनिंग होतं. पण इथे प्रश्न लोखंड कापण्याचा नाही. बदललेला गिअरबॉक्स गाडीच्या संगणकाला ओळखवून द्यावा लागतो, क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं, तेलाची पातळी ठरावीक तापमानालाच तपासावी लागते. त्यासाठी कंपनीचा टेस्टर लागतो. लॅम्बोर्गिनीची दालनं मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूला आहेत. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, तेही फ्लॅटबेड ट्रकवर. हा खर्च वॉरंटीत धरलाय का, हेही वाचून घ्या.

राहिला ‘कंपनी नाकारतेच’ हा दावा. नाकारल्याची उदाहरणं आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत निसान जीटी-आर घेतलेल्या काहींनी चाकं घसरू न देणारी ट्रॅक्शनची यंत्रणा बंद करून लाँच कंट्रोल (जागेवरून झपाट्याने सुटण्याची सोय) वापरला, गिअरबॉक्स गेले आणि क्लेम फेटाळले गेले; गाडीच्या रेकॉर्डरमध्ये सगळं नोंदलेलं होतं. पण दुसरी बाजूही बघा. २०१४ मध्ये ९११ जीटी-३ च्या इंजिनांतल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन गाड्यांना आग लागली, तेव्हा पोर्शेने तोवर बनलेल्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलली. पुढे त्याच पिढीच्या इंजिनात दुसरा दोष निघाला आणि अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैल केली गेली.

क्लेम कुठे अडकतो हे बहुतेक वेळा आधीच दिसत असतं: चुकलेली सर्व्हिस, रीमॅप केलेला (सॉफ्टवेअर बदललेला) ईसीयू, बदललेला एक्झॉस्ट. हे उद्योग आधीच्या मालकाने केले असले तरी क्लेम तुमचा अडतो. नकार आला तर कारण लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते; त्यासाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे.

आणि हे सगळं गाडी दारात आल्यावर करायचं काम नाही. टोकन देण्याआधी टेस्टरचा रिपोर्ट, पूर्ण सर्व्हिस हिस्टरी आणि वॉरंटी तुमच्या नावावर होईल का याचं कंपनीकडून लेखी उत्तर मागा. यातलं एकही द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका.