दीड महिन्याच्या डोसाला आईलाही विचारा

तासगावात माझं मेडिकल आहे. बाळंतिणीच्या घरून येणारी यादी आता न वाचताच काढून ठेवता येते. शतावरी कल्प, आयर्न, कॅल्शियम, ग्राइप वॉटर, डायपर. ओवा, बाळंतशोपा, डिंक, खारीक शेजारच्या किराणा दुकानातून. यादी घेऊन येतो बाप, नाहीतर आजी. आणि पैसे देऊन झाल्यावर, निघता निघता विचारणं होतं, "म्याडम, तिच्यासाठी टॉनिक बिनिक हाय का काय? रडतीया सारखी. पोराला जवळ घे म्हटलं तर तोंड फिरवतीया."

टॉनिक आहे. रॅकभर आहे. त्यानं हे बरं होत नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना उगाच रडू येतं. अंगातले हार्मोन्स एकदम उतरलेले, टाके ओढतात, दूध भरून छाती दाटलेली, झोपेचा पत्ता नाही. हे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला औषध लागत नाही, घरच्यांनी थोडं समजून घेतलं आणि चार तास सलग झोपू दिलं तर भागतं. पण दोन आठवडे उलटले तरी तेच चालू असेल, बाळ झोपल्यावरही हिला झोप लागत नसेल, जेवणावर वासना नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल किंवा उलट बाळाला काहीतरी होईल या धास्तीनं ती सारखी त्याचा श्वास बघत बसत असेल, तर तो आजार आहे. डिप्रेशन. आणि "मी नसले तरी बाळाचं काही अडायचं नाही" असं ती बोलली, तर ते नखरे म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवसापासून तिला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरकडे न्या.

किती जणींना होतं? 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, वीस हजारांवर बायकांचा. 22 टक्के. पाच जणींत एक. आता आपापल्या भावकीत गेल्या दोन वर्षांत किती बारशी झाली ते मोजा.

"आमच्या टायमाला असलं काय न्हवतं बघा." हे वाक्य माझ्या काउंटरवर दर आठवड्याला पडतं. होतं की, मावशी. "बाळंतवात झालाय" कुणाला म्हणायचात मग? देवऋषाकडं कुणाला न्यायचात? लिंबू कुणावरनं उतरून टाकायचात? आणि ज्या बाईविषयी घरात पुढं कधीच कुणी बोललं नाही, ती प्रत्येक गावात एकतरी निघते.

सव्वा महिन्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. उलट, पहिल्या बाळंतपणाला माहेर, शेकशेगडी, अंगाला तेल लावायला येणारी बाई, आळीवाची खीर आणि मुख्य म्हणजे कामाला हात न लावणं, ही फार शहाणपणाची सोय आहे. पण त्या सगळ्या सोयीत चौकशी कशाची होते? दूध पुरतं का, कंबर दुखते का, पोट बांधलं का, बाळानं बाळसं धरलं का. तुला कसं वाटतंय, हा प्रश्न त्यात बसतच नाही.

आणि खरी कसोटी सव्वा महिना संपल्यावर सुरू होते. माहेरची बाज सुटते आणि पोरगी सासरी येते. आमच्या भागात द्राक्षाची फळछाटणी चालू असेल तर नवरा दिवसभर बागेत, जेवायला आला तरी डोक्यात औषध फवारणीचं वेळापत्रक. विट्याकडची, आटपाडीकडची पोरगी असेल तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातला नवरा तिला आणि बाळाला घेऊन थेट तमिळनाडूत नाहीतर केरळात. दुकानाच्या मागं किंवा वर एक खोली, शेजारणीची भाषा कळत नाही, भट्टीचा वास, आणि मांडीवर दोन महिन्यांचं पोर. फोनवर आईला काय सांगणार? "बरं हाय" म्हणते. माझ्या ओळखीतली एकजण दिवाळीला गावी आली तेव्हा तिला पाहून तिच्या आईनंच विचारलं, आजारी होतीस काय गं? ती आजारीच होती, फक्त त्याचा कागद कुणाकडं नव्हता.

मुलगी झाली असेल तर आणखी एक ओझं. गोव्यातला, 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या 270 बायकांपैकी 23 टक्के बायकांना सहा ते आठ आठवड्यांनी डिप्रेशन होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती, आणि मुलगी होण्यानं त्यात भर पडत होती. आपल्याकडं तर विचारूच नका. 2011 साली साताऱ्यात अडीचशेहून जास्त मुलींची 'नकुशा' ही नावं समारंभ करून बदलावी लागली. सांगलीकरांनी साताऱ्याकडं बघून हसायचं कारण नाही, 2017 चं म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं. ज्या घरात पेढ्यांऐवजी जिलेबी वाटायची की नाही यावरच दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुजबुज चालते, त्या घरातल्या बाळंतिणीच्या डोळ्यांतलं पाणी हार्मोन्सच्या खात्यात टाकून कसं चालेल?

गोव्याच्या त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बाळंतपणानंतर आजारी सापडलेल्या बायकांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणी गरोदरपणातच त्रासलेल्या होत्या. म्हणजे हे बाळ झाल्यावर आभाळातून पडत नाही. सातव्या महिन्यात गप्प झालेली बाई आपण डोहाळ्यांवर ढकलतो, ओटी भरतो, धनुष्यबाण घेऊन फोटो काढतो, आणि फोटोत ती हसते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई सहा वेळा घरी येते, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. वजन करते, ताप बघते, नाळ बघते. मग दीड महिन्याच्या डोसाला बहुतेक आया बाळ घेऊन उपकेंद्रात येतात. बाळासाठी एवढी यंत्रणा दारात येते, तर त्याच दिवशी आईलाही विचारा. एडिंबरो स्केल नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, 1987 पासून जगभर वापरात. मागच्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, झोप लागली का, असले प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या विचारांचा. पाच-दहा मिनिटं लागतात. त्यातून निदान होत नाही, पण कुणाला पुढं पाठवायचं ते कळतं. फक्त विचारताना सासूबाई शेजारी नकोत. बाळ त्यांच्या हातात देऊन त्यांना वजनकाट्याकडं पाठवा, मग विचारा. सासू समोर असताना "बरं हाय" शिवाय दुसरं उत्तर मिळालेलं मी पाहिलेलं नाही.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मान्य. मग या कामाचे वेगळे पैसे द्या, फुकटात करून घेऊ नका. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ कुठं आहेत, हेही ऐकून झालं. पाकिस्तानातल्या खेड्यांत गावपातळीच्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकडूनच घरोघरी समुपदेशन करून घेतलं. 2008 साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी त्या बायकांत डिप्रेशन 23 टक्के उरलं होतं, नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्के. त्या सेविका कुणी मोठ्या डॉक्टर नव्हत्या. आपल्या आशाताईंना का जमणार नाही?

आता माझ्या धंद्यातलं. डॉक्टरनं सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी लिहून दिली की चौथ्या दिवशी स्ट्रिप परत येते. "दूध पाजती ओ ती, घेती का परत?" दुधातून ही गोळी फार थोडी उतरते. म्हणूनच अंगावर पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर बहुतेक वेळा तीच निवडतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तीन दिवसांत काही दिसत नाही म्हणून बंद करायची नसते. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करायची नसते. सगळ्याच गोळ्या चालतात असंही नाही, फिट्स आणि मानसिक आजारासाठी देतात ती व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला घातक आहे. तेव्हा शेजारणीची चिठ्ठी माझ्याकडं आणू नका. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, बाळंतपणानंतर दोन्ही बिघडू शकतात आणि थकवा तसाच दिसतो.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई रात्ररात्र जागी, असंबद्ध बोलते, घरच्यांवर संशय घेते, बाळाविषयी भलतंच काही सांगते, तर ते वेगळं आणि धोक्याचं. हजार बाळंतपणांत एखाद-दुसरीला होतं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सांगली-मिरजेच्या सिव्हिलला न्या. अंगाऱ्यात दोन दिवस घालवू नका. वेळेत उपचार मिळाले तर या बायका बऱ्या होतात. आणि बाळ तोडतील म्हणून घाबरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करता येत नाही.

कुणाला बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. गलाईवाल्या भावांनो, तो नंबर तमिळनाडूतूनही लागतो, बायकोच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

कॉमेंटमध्ये देवऋषाचे पत्ते टाकू नयेत, मी उडवणार आहे. आशाताई, सिस्टर कुणी वाचत असाल तर तुमच्या उपकेंद्रात डोसाच्या दिवशी हे विचारणं जमेल का, काय अडचण येईल, ते जरूर लिहा.