कॅमेरा घेताय ना? मग फोटोंचं नाव काढू नका

कॅमेरा घ्यायचं मनात आलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण फोटो कशाचे काढणार?" या प्रश्नाच्या नादी लागू नका. चांगली जमत आलेली खरेदी या एका प्रश्नाने मोडलेली मी पाहिली आहे. विचारणारी व्यक्ती बहुधा आपली बायको असते आणि तिच्या पुढच्याच वाक्यात 'मोबाइल' हा शब्द असतो. तेव्हा उत्तर आधीपासून तयार ठेवा. "अगं, मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असतो," असं म्हणायचं आणि करंगळीचं नख पुढे करायचं. (मी केलं तेव्हा "आधी ती नखं कापा" असं उत्तर आलं. पण ते अवांतर.)

तर सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसलेली, चित्र टिपणारी चिप. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. क्रॉप सेन्सर त्याहून लहान, साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलंत तर फुल फ्रेम सव्वादोन पटींपेक्षा थोडा जास्तच भरतो, आणि फुल फ्रेमवाला क्रॉपवाल्याकडे बघतो ते टू बीएचकेवाला वन आरकेवाल्याकडे बघतो तसं. या वर्गात आपल्याला बसता आलं पाहिजे, एवढंच ध्येय ठेवा. मात्र या काळात माळा आवरायला घेऊ नका. मी घेतला आणि तिथे काकांचा जुना फिल्मचा कॅमेरा सापडला, आगफा क्लिक थ्री. प्लॅस्टिकचं खोकं, ऊन की ढग एवढं ठरवायचं आणि दाबायचं. त्यात १२० ची फिल्म, बारा फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे. कडा सोडल्या तरी छप्पन्न बाय छप्पन्न मिलिमीटर. म्हणजे दोन लाखांच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठा! तो काकांच्या गळ्यात लटकायचा आणि आम्ही रांगेत उभे असायचो. कुणी डोळे मिटले तर बारातला एक वाया, म्हणून काका आधी सगळ्यांना मनसोक्त डोळे मिचकावून घ्यायला लावायचे. बारा पुरे झाल्याशिवाय रोल धुवायला जायचा नाही, त्यामुळे गणपतीतल्या आरतीचे फोटो दिवाळीचा फराळ खाताना बघितलेले आहेत. हा साडेतीन पटींचा हिशेब फुल फ्रेमवाल्यांच्या बैठकीत मात्र मांडू नका, चहा मिळणार नाही.

मेगापिक्सेलबद्दल फार बोलायला नको, जास्त घ्या म्हणजे झालं. चार बाय सहा इंचाचा चांगला प्रिंट काढायला दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतात, ४के टीव्हीच्या पडद्यावर सव्वाआठच्या आसपास मावतात. तुम्ही ४५ चा घ्या. प्रिंट तुम्ही काढणार नाहीच आहात, आणि ग्रुपवर टाकल्यावर व्हॉट्सॲप त्याचा लाटून पापड करतंच. पण मूळ पीठ आपल्याकडे आहे, हे समाधान काही कमी नाही.

मग येतात बोके. जपानी शब्द आहे, अर्थ धूसरपणा. पाठचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं दिसतं, ते बोके. मराठी माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. लोकलमध्ये मी एकदा फोनवर "या लेन्सचे बोके फार मुलायम आहेत रे" असं म्हणालो, तर शेजारच्या गृहस्थांनी पेपर खाली करून विचारलं, "पर्शियन का?" तर बोक्यांसाठी एफचा आकडा लहान हवा. आकडा जितका लहान तितकं लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक मोठं, आणि किंमत भोकाहून मोठी. याला अपवाद म्हणजे ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स. तिच्यात एकच मोठा दोष आहे, ती स्वस्त आहे. दुकानदार ती स्वतःहून दाखवत नाही, आपणही मागून त्याला लाजवू नये. माझ्याकडे ती चुकून आली. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं कास पठार मी तिच्या मदतीने इतकं नीट पुसून टाकलं की फोटोतलं फूल आमच्या गॅलरीतल्या कुंडीतलं वाटतं. पहाटेपासून केलेल्या प्रवासाचा पुरावा म्हणून टोलच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत.

लेन्स घरी आली की तपासायची. कशी? तर विटांच्या भिंतीचा फोटो काढून. जगभरचे जाणकार हेच करतात: भिंतीसमोर काटकोनात तिपाई लावायची, फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर चारशे टक्के मोठा करून कोपऱ्यातली वीट रेखीव आहे का ते बघायचं. आता आपल्याकडे गिलावा न केलेली भिंत मिळणं म्हणजे बांधकाम चालू असलेली इमारत गाठणं आलं. आमच्या सोसायटीसमोर एक होती. रविवारी सकाळी मी तिपाई उभी केली, मेझरिंग टेप लावून भिंतीपासून अंतर मोजलं आणि पहिला फोटो घेतला. वॉचमन आला. लांबून बघून परत गेला. मग इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस लगबगीने आला आणि म्हणाला, "साहेब, उन्हात कशाला? आत बसा की." चहा आला. बिस्किटं आली. मी म्हटलं, "मला फक्त कोपरे तपासायचेत." त्याचा चेहरा पडला. "कोपऱ्यात किती आहे?" त्याने हळूच विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "डाव्या बाजूला थोडं वाकलंय, पण ते दुरुस्त करता येतं." तो लेन्सबद्दल बोलत नव्हता हे माझ्या लक्षात यायला दुसरा चहा यावा लागला. महापालिकेतून आलो नाही म्हटल्यावर बिस्किटांची बशी उचलली गेली. फोटो मात्र उत्तम आले. त्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंत अजून ती भिंतच सर्वात सुरेख आहे, असं माझं मत आहे.

पैशांची काळजी करू नका. नो कॉस्ट ईएमआय आहेच आणि इतिहासही आपल्या बाजूचा आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला, त्यासाठी स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. घरी विषय काढताना इथेच थांबायचं. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही त्याच वाटेने गेले, हे सांगायचं नाही. आणि वाटाण्याची गोष्ट तर मुळीच सांगायची नाही. फाळक्यांनी कॅमेरा आणून सरळ 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवून वर येईपर्यंत दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत बसले. ती चिमुकली फिल्म बघून पुढचं कर्ज मिळालं. म्हणजे माणसाने पुढचं कर्ज काढण्याआधी एका वाटाण्यावर कॅमेरा वापरून दाखवला! असली उदाहरणं घरात गेली की खरेदी लांबते. मी भाबडेपणाने सगळी गोष्ट सांगितली, तर हिने फ्रीजमधून दोन किलो वाटाणे काढून माझ्यापुढे ठेवले. "सोला," म्हणाली.

अगदीच हात आखडता असेल तर वापरलेला घ्या, पण शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, बघून. गाडीचं जसं रनिंग, तसं कॅमेऱ्याचं शटर. लाख-दीड लाख क्लिक टिकेल असं धरतात. लग्नं करणाऱ्या फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊ नये, त्याने तो वापरलेला असतो. डॉक्टरांचा घ्यावा. गाड्यांच्या जाहिरातीत 'डॉक्टरांनी वापरलेली' म्हणतात ते उगाच नाही. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ऐंशी हजारांचा कॅमेरा चार वर्षांनी विकायला काढला. शटर काउंट ८१२. दर फोटोमागे अठ्ठ्याण्णव रुपये पडले, आणि त्यातले तीनशे फोटो दुकानातून बाहेर पडतानाच्या रस्त्याचे होते. घेणाऱ्याने देवाला नारळ फोडला. आता त्याचा ८४० वर गेलाय म्हणे.

बॅग, दुसरी बॅग, तिपाई, यूव्ही फिल्टर, पट्टा, ब्लोअर, लेन्स पुसायचं पेन, दोन कार्डं: ही यादी बघून घ्या आणि विसरा. हे आपोआप येतं.

खरी परीक्षा भिगवणला. उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यापेक्षा जास्त संख्येने आपण. रात्री ठाण्याहून निघून पहाटे होडीत बसायचं, अंगात झाडाझुडपांच्या रंगाचं जाकीट. पाण्यात. पाचजणांच्या होडीत तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये आलेली १८-५५ लेन्स असेल तर तळ्यावर कुणीतरी गुलाबी बडीशेप सांडल्यासारखी दिसते. बाकी चौघांकडे लांबचं जवळ आणणाऱ्या १५०-६०० लेन्स, प्रत्येकी दोन किलोच्या आसपास. पक्ष्यांच्या नावांचं इथे फार कुणाला नसतं. "काय बसवलंय?" असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर देता आलं की आपण समाजात आलो. मी पुढच्या वर्षी दोन किलो घेऊन गेलो, मान ताठ करून होडीत बसलो. नावाड्याने वल्हं थांबवून लेन्सकडे एक नजर टाकली. "साहेब, जुनी आणलीत," तो म्हणाला, "आता हिची हलकी निघालीय." थव्याने त्याच वेळी एकदम उड्डाण केलं. मी नव्या लेन्सची किंमत विचारत होतो.

आता शेवटी पावसाळा. पुस्तकांतले सल्ले कोरड्या देशांतले असतात, आपल्याकडे जूनपासून लेन्समध्ये बुरशी धरते. कातडी पिशवीत, मखमलीत गुंडाळून, वरच्या कपाटात, अंधारात ठेवली तर अगदी झकास धरते. माझी ५० ची चार महिने अशी ठेवली होती. ती घेऊन मुंबईत बोराबाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने लेन्स उघडून ट्यूबलाइटसमोर धरली. काचेच्या कडेने शेवयांसारखे पांढरे बारीक धागे आत सरकत चालले होते. त्याने एक डोळा मिटून पाहिलं, मग मान वर न करता म्हणाला, "वापरत नाही वाटतं."

हा अपमान गिळून मी ड्राय कॅबिनेट घेतलं. तुम्ही तर पहिल्याच दिवशी घ्या. फ्रीजसारखं असतं, चोवीस तास विजेवर चालतं, दाराला काच आणि वर आर्द्रतेचा हिरवा आकडा. चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. आमच्याकडे ते दिवाणखान्यात आहे, शोकेसशेजारी. दार उघडलं की आकडा चढतो आणि खाली यायला तास-दोन तास घेतो, म्हणून श्रावणात ते उघडायचंच नाही असा नियम केलाय. श्रावणानंतर गणपती, तेव्हा पाहुणे असतात. परवा ग्रुपवर कुणीतरी विचारलं, कॅबिनेट दिसतं कसं, एक फोटो टाका. मोबाइलने काढून टाकला. कॅमेरा आत होता.