दोन सिंह आणि मूठभर चिंच

पॅरिसमध्ये सामानसुमानासह घर भाड्याने घेतले, तेव्हा यादीत सहा खुर्च्यांच्या खाली 'शेकोटीतील सिंह, सोनेरी, एक जोडी' अशी नोंद होती आणि घरमालकीणबाईंनी तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. धुराडे केव्हाच बुजवलेले असल्यामुळे सिंहांना काही काम उरले नव्हते; एरवी त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी दांड्यांवर लाकडे रचायची, म्हणजे खालून वारा खेळून जाळ नीट धरतो. फ्रेंचांनी या वस्तूला 'शने' हे नाव कुत्र्यावरून दिले आहे, त्यामुळे बाई त्या दोन सिंहांना खुशाल 'कुत्रे' म्हणत. या बाबतीत फ्रेंचांना मुळीच धरबंध नाही: १७७७ मध्ये गूतियेर नावाच्या कारागिराने राणी मारी आंत्वानेतच्या फाँतेनब्लो राजवाड्यातल्या तुर्की दालनासाठी जी जोडी घडवली, तिच्यावर चक्क उंट बसले आहेत.

कोरड्या मऊ फडक्याशिवाय सिंहांना काही लावायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. कारण तेव्हा सोने पाऱ्यात कालवून ते कांशावर फासत आणि विस्तवावर पारा उडवून देत. मागे उरे तो सोन्याचा पातळ थर. त्या वाफांनी मुलामा देणारे कारागीर अकाली मरत. एवढ्या मोलाने चढवलेले सोने माझ्या हातून उतरू नये, म्हणून मी धूळसुद्धा श्वास रोखून पुसत असे. रात्री पाणी प्यायला उठलो, की माझी करंगळी नेमकी डाव्या सिंहाच्या चौथऱ्यावर आपटे, आणि मी कळवळण्याआधी दिवा लावून सिंहाला पाहत असे.

अशात साताऱ्याहून आई आली.

"अरे, पितळ किती काळवंडलंय हे!"

"आई, ते पितळ नाही. सोन्याचा मुलामा आहे."

"चुलीच्या लाकडाला सोनं? आणि चूल कुठाय?"

तिसऱ्या दिवशी कामावरून परतलो, तर आई वाटीत चिंच आणि मीठ कालवून सिंहासमोर मांडी घालून बसलेली. मी वाटी हिसकावली. सोन्याला चिंच चालत नाही, असे जीव तोडून सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "खरंय. सोन्याला रिठे लागतात. पुढच्या वेळी आणते."

घर सोडताना बाईंनी भिंग लावून तपासणी केली. उजव्या सिंहाच्या आयाळीतून त्यांनी चिमट्याने चिंचेची एक वाळकी शीर ओढून काढली, उजेडात धरली आणि वास घेतला.